पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचा तपास कुणी करायचा?

रानवाट:
सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. राज्यासाठी एक, प्रत्येक जिल्ह्याला एक, अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, शिफारस बंधनकारक. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला, पण जिल्ह्याच्या जागी अनेक जिल्ह्यांचा मिळून एक विभाग आणला. पोलीस ठाण्यात मार खाल्लेल्या गरिबाने मग परजिल्ह्यात खेटे घालायचे.

तरी अंतर ही दुय्यम गोष्ट. प्राधिकरणाकडे स्वतःचे तपास करणारे नसतील तर तक्रार 'अहवाल सादर करावा' असा शेरा मारून पोलिसांकडेच परत जाते. मग उरतं काय? निवृत्त तपास अधिकारी घ्यायची मुभा त्याच निकालात आहे. उत्तर आयर्लंडमध्ये २००० पासून पोलीस लोकपाल आहे, आणि तक्रारींचा तपास त्याची स्वतःची माणसं करतात. आपल्याकडे का नको?

जुनी खाकी:
पूर्ण असहमत. नोकरी करून बाहेर पडलोय म्हणून पोटतिडकीने लिहितो. विभागीय चौकशी आहे, मानवी हक्क आयोग आहे, कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी आहे, वर हायकोर्ट आहेच. अंमलदाराने बंदोबस्त करायचा की तारखा? सराईत आरोपी पहिल्या रिमांडलाच मारहाणीचा आरोप करतो. पुढे तो टिकत नाही, पण तोवर पोलिसाची बढती अडलेली असते. ती वर्षं त्याला कोण परत देणार? असा पोळलेला माणूस पुढच्या दंगलीत पुढे होणार नाही.

शाईपेन:
खाकीसाहेब, खोटा आरोप खोडून काढायला कॅमेऱ्यासारखा साक्षीदार नाही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २०२० मध्ये न्यायालयाने ठाण्यात, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण शक्यतो १८ महिने जपायला सांगितलं. पण ते चालू ठेवायची जबाबदारी कुणाची? त्याच ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची! ऐन त्या रात्री कॅमेरा बंद निघाला तर तक्रारदार बुडतो आणि निर्दोष हवालदारही. चित्रण बाहेरच्या यंत्रणेच्या हाती असावं असं तुम्हालाच वाटायला हवं.

तिसरी बाजू:
निवृत्त पोलीस नेमून काय साधणार? ज्याच्या हाताखाली शिकले त्याचीच चौकशी करणार का ते? निदान निम्मे तरी खात्याबाहेरचे हवेत, वकील, न्यायवैद्यक डॉक्टर वगैरे.

जुनी खाकी:
डॉक्टर जखम सांगेल. स्टेशन डायरीतली खाडाखोड ओळखायला मुरलेला पोलीसच लागतो. चित्रणाचं मात्र पटलं, जाऊ द्या बाहेर. पण दोन अटी घाला. सहा महिन्यांत निकाल, आणि तक्रार सिद्ध झाली नाही तर तक्रारदारावर गुन्हा.

रानवाट:
पहिली अट आनंदाने मान्य, लटकत्या चौकशीचा जाच दोघांनाही होतो. दुसरी अजिबात नाही. सिद्ध न झालेली तक्रार म्हणजे खोटी तक्रार नव्हे. लॉकअपमध्ये रात्री दोन वाजता साक्षीला पोलिसांशिवाय असतं कोण? जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्यासाठी कायद्यात कलमं आहेतच, ती लावा.