क्रॉप सेन्सरवर ८५ की ५०?
एपीएस-सी, म्हणजे लहान (क्रॉप) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लग्नाच्या फोटोंसाठी ८५ मिमी एफ/१.८ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे) लेन्स घ्यावी की ५० मिमी, या प्रश्नावर इथे आधी बहुतेकांनी ८५ची शिफारस केली आहे. माझे मत मात्र ठामपणे ५०च्या बाजूचे आहे. १.५ पट क्रॉपमुळे ८५चे दृश्यक्षेत्र फुल फ्रेमवरील (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरील) सुमारे १२८ मिमीइतके अरुंद होते, आणि मंगलाष्टके चालू असताना, अंतरपाटाभोवती नातेवाइकांची दाटी झालेली असताना, तेवढे मागे सरकायला जागाच उरत नाही. ५० मिमी तिथे ७५सारखी वागते. चेहऱ्याची ठेवण लेन्सपेक्षा अंतरावर ठरते, त्यामुळे दीड-दोन मीटरवरून ५०नेही नाक मोठे दिसत नाही.

दोन मीटरवर ५०ने एफ/१.८ला स्पष्टतेची खोली (पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती) जेमतेम ११-१२ सेंमी मिळते. वधूच्या डोळ्यांवर फोकस धरला की जरा मागे बसलेला वर धूसर होतो, म्हणून जोडीसाठी एफ/४ ठेवावे. कुटुंबाच्या तीन रांगांच्या फोटोला मात्र कॅमेऱ्यासोबत येणारी किट झूम लेन्सच पुरते, फक्त १८ मिमीचे टोक टाळावे, कारण कडेला उभी असलेली माणसे त्यात ताणल्यासारखी दिसतात.