लगदा विटतो, पिवळा पडतो की त्याचा उजळपणा उतरतो?

पांझराकाठी: मंडळी, कागदाच्या लगद्याच्या ब्लिचिंगवर मराठीत टिपण करतोय, म्हणजे विरंजन. त्यात 'ब्राइटनेस लॉस'ला काय लिहावं? भाची म्हणते 'विटणे' लिही, पण मला काही पटत नाही, विटते ती साडी. कोणी चकाकी सुचवतं, कोणी शुभ्रता.

यावलचा केळीवाला: चकाकी तर नकोच भाऊ, ते ग्लॉस झालं. चकचकीत कागदसुद्धा पिवळट असू शकतो ना. ब्राइटनेस म्हणजे निळा उजेड, ४५७ नॅनोमीटरच्या आसपासचा, कागदावरून किती परत येतो तेवढंच, आणि शुभ्रता म्हणजे सगळे रंग धरून डोळ्याला किती पांढरं दिसतं ते. पिवळेपणा निळाच उजेड गिळतो, म्हणून लगदा जरासा पिवळसर झाला की आकडा लगेच खाली. मी तर उजळपणा म्हणेन. आणि विटणे खरंच नाही बसत, विटताना असलेला रंग जातो, इथे नको तो रंग येतो!

साक्रीची ताई: आमच्याकडे सरळ म्हणतात, पेपर पिवया पडी गया. तेच लिहा की, सगळ्यांना कळतं.

जुना मिलवाला: ताई, शब्द चांगलाय पण तो अर्ध्याच गोष्टीला लागतो, कारण इथे भानगडी दोन आहेत. एक टॉवरमध्येच होते, म्हणजे लगद्याचं विरंजन चालतं तिथेच. पेरॉक्साइडला, म्हणजे लगदा उजळवणाऱ्या रसायनाला, काम करायला अल्कली लागते, ती म्हणजे कॉस्टिक सोडा, पण पेरॉक्साइड संपलं आणि कॉस्टिक उरलं की तेच कॉस्टिक गरम लगद्याला पिवळं करतं, म्हणजे चढवलेला उजळपणा तिथेच उतरायला लागतो. पाण्यातनं, लाकडातनं मँगनीज, लोखंड, तांबं आलं तर पेरॉक्साइड फुकटच फुटून जातं, म्हणून आधी ईडीटीए किंवा डीटीपीए देऊन धातू बांधायचे आणि सोबत सिलिकेट टाकायचं. मिलमध्ये याला 'ब्राइटनेस पडला' एवढंच म्हणतात, बाकी शिव्या 😀

दुसरी भानगड नंतरची, लगदा वाळला, गठ्ठे झाले, गोडाऊनला पडले, आणि ऊन, उष्णता, दमटपणा यानं हळूहळू पिवळे झाले. इंग्रजीत हे रिव्हर्जन. ताईंचं पिवळं पडणं ते हे.

पांझराकाठी: मग वर्तमानपत्रच एवढं लवकर का पिवळं पडतं? वहीचा कागद तर बरा राहतो.

जुना मिलवाला: वर्तमानपत्राच्या कागदात यांत्रिक लगदा असतो नाना, लाकूड दळून केलेला, लाकडाचे तंतू चिकटवून धरणारं लिग्निन सगळं आतच. पेरॉक्साइड त्याचा फक्त रंग घालवतं, लिग्निन काढत नाही, उन्हानं ते परत रंग धरतं. वहीच्या कागदात बहुतेक रासायनिक लगदा, शिजवून आणि क्लोरीन डायऑक्साइडनं लिग्निन काढलेलं. तरी तोही पूर्ण सुटत नाही, हायपोच्या (हायपोक्लोराइट, हेही विरंजनाचंच रसायन) स्टेजला पीएच खाली सरकला की सेल्युलोजच बिघडतं आणि पुढे पिवळेपणा धरतं.

यावलचा केळीवाला: आणि टिनोपाल, म्हणजे पांढरं दिसावं म्हणून घालतात ते द्रव्य, टाकून आकडा वाढवतात तो उजळपणा धरू नका बरं, ते अतिनील उजेड घेऊन निळा फेकतं, लगदा होता तसाच.

पांझराकाठी: ठीक, मग टॉवरमधल्याला 'उजळपणा उतरणे' आणि गोडाऊनमधल्याला 'पिवळं पडणे' लिहितो. रिव्हर्जनला 'पुनर्पीतन' असंही कोणी सुचवलं होतं, ते भाचीला ऐकवलं तर हसली.

साक्रीची ताई: ऱ्हाऊ द्या ते!