‘शॉक देऊन मेंदू जाळतात’ या पोस्टला उत्तर

आर्वीकडचा_धाकटा
काल आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर पोस्ट फिरली: “डिप्रेशनच्या माणसाला नागपूर-वर्ध्याला नेऊ नका, तिथं करंट देऊन मेंदू जाळतात, माणसाचं लाकूड होतं.” खाली लोकांनी हात जोडलेले. मला रात्रभर झोप नाही, म्हणून लिहितो.

माझ्या थोरल्या भावाला झालं ते टेन्शन नव्हतं. सोयाबीन सोंगून झालं होतं, पैसे हातात आले होते, कर्जही फार नव्हतं. तरी माणूस भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. “माझं आतडं सडलं, मला जेवण वाढू नका, वाया जातं,” एवढंच बोलायचा. दोन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण डोसात दीड-दीड महिना झाल्या. दर्गा झाला, भगत झाला. वहिनी चमच्यानं ताक पाजायची, ते गालात तसंच राहायचं. मग डॉक्टर म्हणाले, आता ईसीटी, म्हणजे त्या पोस्टमधला तोच करंटचा उपचार. आई ओसरीत बसून रडली.

आठवड्यातून दोनदा, असे आठ दिले. चौथ्यानंतर ताटावर बसला आणि वहिनीला म्हणाला, “वरणात मीठ कमी आहे.” वहिनी आत जाऊन पदरात तोंड घालून रडली. याला तुम्ही मेंदू जाळणं म्हणता?

तिवस्याची_लेक
तुमच्या भावाचं चांगलं झालं, मनापासून बरं वाटलं. पण हात जोडणाऱ्यांना अडाणी समजू नका. माझ्या आईला १९८९ साली शॉक दिले. भूल नाही, काही नाही. चौघांनी हातपाय दाबून धरले, तोंडात कापडाचा बोळा कोंबला. मी आठ वर्षांची, दाराच्या फटीतून बघत होते. समोरचा दात तुटला. पाठ मरेपर्यंत दुखत राहिली. घरी आल्यावर माझ्याकडे बघून मावशीला विचारलं, “ही पोरगी कोणाची?” हे मी कुठल्या पोस्टमध्ये वाचलेलं नाही.

ओटीतला_माणूस
ताई, तेव्हा तसंच चालायचं, खोटं नाही. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ९५ आलं. भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय ईसीटी देताच येत नाही. कलम ९४ प्रमाणे तातडीचा उपचार म्हणूनही देता येत नाही.

मी अकरा वर्षं भुलीच्या डॉक्टरांच्या हाताखाली आहे. पेशंट रात्रीपासून उपाशी. कवळी, जोडवी काढून ठेवायची. भूल चढली की एका पायाला घोट्याच्या वर बीपीचा पट्टा आवळतो, मग स्नायू सैल करायचं औषध जातं. पट्ट्यामुळे ते पावलात उतरत नाही. करंट दिला की सगळं अंग जवळजवळ शांत, तेवढं एक पाऊल थरथरतं. त्यावरून कळतं की मेंदूत झटका आला. साधारण अर्धा-पाऊण मिनिट. मशीनमधून पट्टी निघते, तिच्यावर आधी उंच टोकदार रेघा, मग एकदम सपाट.

आणि एक गोष्ट आपल्या भागात लोक लपवतात. पेशंटनं फवारणीचं औषध घेतलं असेल किंवा फवारताना विषबाधा झाली असेल, तर भुलीच्या डॉक्टरांना सांगाच. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं रक्तातलं एक एन्झाइम निकामी करतात. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन त्याच एन्झाइमनं मोडतं. काही मिनिटांत उतरायचं ते लवकर उतरत नाही, तोवर माणसाचा श्वास आम्हाला चालवावा लागतो. घरचे लाजेपायी बोलत नाहीत. बोला.

मास्तर_दारव्हा
कायदा ठीक आहे. पण १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी हे सुरू केलं, तेव्हापासून आजवर नेमकं चालतं कसं हे ठाम सांगता येत नाही. २०२३ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी मेंदूच्या लहरी तपासल्या. ईसीटीनंतर लहरींमधला बिनतालाचा भाग वाढतो, म्हणजे मेंदूचे ब्रेक नीट लागू लागत असावेत, म्हणाले. ‘असावेत’! पंच्याऐंशी वर्षांनंतर! त्याच वर्षी केटामाइन या भुलीच्या औषधाशी तुलना झाली. केटामाइननं ५५ टक्के लोकांना गुण आला, ईसीटीनं ४१ टक्के. आठवणीचा त्रासही केटामाइनला कमी. मग शॉकचा हट्ट कशाला?

आर्वीकडचा_धाकटा
मास्तर, त्या अभ्यासात भ्रम झालेले पेशंट घेतलेच नव्हते. “आतडं सडलं” म्हणणारा माझा भाऊ तुमच्या आकड्यात कुठंच बसत नाही. ब्रेक कसे लागतात ते तुम्ही बसून शोधा. माझा भाऊ तोवर मेला असता.

वावर_सातबारा
तुमच्या मिठाचं समजलं. आता माह्या भावाचं आयका. त्यालेही गुण आला, खोटं काहून बोलू. पण पाडव्याच्या टायमाले त्यानं सहा एकर वावर ठेक्यानं घेतलं होतं, मालकाले तीस हजार आगाऊ देल्ले. तोंडी. सहा झटके झाले अन् त्याले ते साफ आठवेना. मालक म्हणते दहाच भेटले. साक्षीदार कोनीच नाई. वीस हजार गेले ना जी! डाक्टरनं सही घेतली तवा म्हणे, “थोडं विसरायला होईल.” थोडं?

बांधावरून
तीस हजार देताना चार ओळी लिहून घ्यायच्या होत्या. यात ईसीटीचा काय दोष?

वावर_सातबारा
लिहून देते कोन? कागद म्हटलं का मालक वावरच देत नाई.

बांधावरून
का देईल? लेखी केलं की उद्या कूळ लागतं, कसणारा जमिनीवर हक्क सांगतो. १९५८ च्या विदर्भाच्या कूळकायद्यात आमच्या आजोबांची बारा एकर गेली. मालकाला चोर ठरवायच्या आधी तेही बघा.

वावर_सातबारा
तुमच्या आजाचं मी काहून भरू? गारपीट झाली तरी मदत सातबाऱ्यावाल्याच्या खात्यात, बोंडअळी आली तरी त्याच्याच खात्यात. बी आमचं, खत आमचं, घाम आमचा. अन् माह्या भावाचं डोकं बिमार पडलं तं आमचा पैसाही त्याचाच!

बांधावरून
तोंड सांभाळून. सगळे मालक सारखे नसतात. माझ्याकडं बटईनं करणाऱ्याला मी गेल्या वर्षीची मदत अर्धी दिली.

मास्तर_दारव्हा
अर्धी दिली हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं. ठेकेदार शेतकऱ्याला कागद मिळत नाही तोवर…

आर्वीकडचा_धाकटा
धागा ईसीटीचा आहे. कूळकायद्यासाठी वेगळा काढा. इथं कोणी आजारी माणसाच्या घरचा वाचत असेल.

तिवस्याची_लेक
नाही, इथंच बोला. सातबाराभाऊ महत्त्वाचं बोलत आहेत. आपल्याकडं सालदाराचं, ठेक्याचं, हातउसन्याचं सगळं माणसाच्या डोक्यात असतं. त्यातलं वर्षभराचं पुसलं तर घर बसतं. धाकटेभाऊ, तुम्ही फक्त मीठ सांगितलं. तुमचा भाऊ काय विसरला ते सांगितलंच नाही.

आर्वीकडचा_धाकटा
पोरीचं साक्षगंध. ईसीटीच्या तीन महिने आधी झालं होतं. फोटो दाखवले तर म्हणतो, “हा मीच आहे, पण मी तिथं गेलेलो आठवत नाही.” बाकी बरंच परत आलं, ते आलं नाही. मुद्दाम लिहिलं नव्हतं. लिहिलं तर लोक घाबरतील असं वाटलं. चुकलंच माझं.

ओटीतला_माणूस
उपचाराच्या आगेमागेच्या आठवणी जातात. बऱ्याच काही आठवड्यांत, महिन्यांत परततात, काही कायमच्या जातात. आमच्यात सही घेणारे घाईत उरकतात, हे मी कबूल करतो. पहिल्या ईसीटीआधी घरच्यांनी वहीत सगळं लिहून ठेवावं: कोणाला किती दिले, कोणाकडून घेतले, कोणतं वावर कोणाचं. पेशंटच्या तोंडून आणि दोन माणसांसमोर. हे आम्हीच सांगायला पाहिजे होतं.

आणि गुण आला म्हणून गोळ्या बंद करू नका. २००१ च्या एका अभ्यासात ईसीटीनंतर नुसती साखरेची गोळी दिलेल्यांपैकी ८४ टक्के सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले, औषधांची जोडगोळी घेणाऱ्यांत ३९ टक्के.

मास्तर_दारव्हा
३९ हाही लहान आकडा नाही. पण भ्रमाच्या पेशंटचं तुमचं म्हणणं मान्य. तो अभ्यास मी पुरता वाचला नव्हता.

वावर_सातबारा
वही तं आता केली. भाऊ रोज वावरात जाते, हसते, पोराले सायकल शिकवते. झटक्याले मी वाईट नाई म्हनत. पण ते वीस हजार मालकाच्या दारात उभं राहून मी मागनारच. बांधावरून, तुम्ही येता का सोबत?

बांधावरून
गाव कोणतं ते मेसेज करा. रविवारी मोकळा आहे.

तिवस्याची_लेक
माझ्या चुलत बहिणीला येत्या आठवड्यात ईसीटीसाठी बोलावलंय. मी तिला अडवणार होते, त्यासाठीच हा धागा वाचायला घेतला. अजूनही माझा विश्वास बसलेला नाही. पण तिनं पाच दिवसांत दोन कप चहा घेतलाय फक्त. मी सोबत जाते. भुलीचे डॉक्टर हजर आहेत का ते आधी विचारते, मगच सही. ओटीतले दादा, तो पायाचा पट्टा मला दारातून दिसेल का?