कलमाच्या चाकूवरील पोलादाचे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): डॉगरिज खुंटावर द्राक्षाची कलमे भरण्यासाठी नवा चाकू घ्यायचा आहे. नाशिकच्या दुकानात पात्यांवर १०९५, ४४०सी आणि एक्स५०सीआरएमओव्ही१५ असे कोरलेले दिसले. यांचा अर्थ कृपया सांगावा.

उत्तर (सातपूर): १०९५ या अमेरिकी नावात १० म्हणजे साधे कार्बन पोलाद आणि ९५ म्हणजे सुमारे ०.९५ टक्के कार्बन. एक्स५०सीआरएमओव्ही१५ या युरोपीय नावातील एक्स हे उच्च मिश्रपोलादाचे (म्हणजे इतर धातू बरेच मिसळलेल्या पोलादाचे) चिन्ह असून ५० म्हणजे ०.५० टक्के कार्बन, तर शेवटचे १५ म्हणजे सुमारे १५ टक्के क्रोमियम. याच पोलादाचा युरोपीय क्रमांक १.४११६ आहे. ४४० हा आकडा मात्र घटकांचे प्रमाण सांगत नाही. त्यापुढील ए, बी, सी या क्रमाने कार्बन वाढतो आणि सीमध्ये तो ०.९५ ते १.२० टक्के असतो. नुसते ४४० कोरलेले पाते मी तरी घेणार नाही.

उत्तर (निफाड): माझे १०९५चे पाते ओल्या काडीच्या रसाने काळे पडते, परंतु दगडावर चार हात फिरवले की धार परत येते. काम झाल्यावर पुसून तेलाचे बोट फिरवावे लागते.

प्रश्नकर्ता: मग ४४०सीचे प्रत्येक पाते सारखेच टिकते का?

उत्तर (सातपूर): नाही. पाणी नीट दिले नसेल, म्हणजे पाते तापवून झटकन थंड करून कडक केले नसेल, तर तेच पोलाद मऊ राहते. म्हणून दुकानदाराला रॉकवेल कडकपणा (पोलाद किती कडक आहे ते सांगणारा आकडा) अवश्य विचारावा.