शकुंतला रेल्वे खरंच अजून इंग्रजांची आहे का? (यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर)

कारंजेकर_सध्या_पुण्यात
नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव कारंजा लाड. आजी गेली मागच्या वर्षी, परवा तिची ट्रंक उघडली तर नऊवारीच्या घडीत पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं निघाली, मूर्तिजापूर ते कारंजा. वर सेंट्रल रेल्वे लिहिलंय आणि तिसरा वर्ग. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर पाच मिनिटात काकांचा फॉरवर्ड, की ही भारतातली एकमेव रेल्वे आहे जी अजून इंग्रजांच्या मालकीची आहे आणि आपण दरवर्षी त्यांना कोटभर रुपये भरतो वगैरे. हे खरं आहे का? आणि बंद नेमकी का पडली? गावात विचारलं तर एक जण एसटीला शिव्या घालतो, दुसरा पुढाऱ्यांना. मी स्वतः लहानपणी एकदाच बसलोय, ऊन आणि धूळ सोडली तर काही आठवत नाही.

दर्यापूरचा_भौ
तिकिटं जपून ठेवा बरं भाऊ. मी दर्यापूरचा, मावशी अचलपूरले, उन्हाळ्यात शकुंतलेनंच जानं व्हये. लोक सांगतेत का चालत्या गाडीतून उतरून पानी पिऊन पुन्हा चढता ये, थे लय रंगवून सांगतेत, पन फाटकाचं मी सोता पाह्यलं हाये. फाटकावर मानूसच नसे, मंग गाडी अलीकडं उभी राहे, गाडीतलाच एक जन उतरून फाटक लावे, गाडी पलीकडं जाऊन पुन्हा थांबे, थो फाटक उघडून पयत येऊन चढे. आन तिकिटं फाडनाराही थोच. एसटीच्या मानानं तिकीट म्हंजे काहीच नाही, म्हनून शेतमजूर, भाजीवाल्या बाया, मास्तर लोक सारे तिच्यातच. घाई असनारा मानूस कधीच बसला नाही तिच्यात.

अडीच_फुटी
काकांचा फॉरवर्ड अर्धा खरा आहे, म्हणून तर तो इतका फिरतो.

आधी हे बघा की लाइन कशासाठी टाकली. वऱ्हाडचा कापूस. अमेरिकेत यादवी युद्ध झालं (१८६१–६५), मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मग भुसावळ–नागपूर मेन लाइन झाली, १८७० ला खामगावची फाटा लाइन झाली, पण यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अंजनगाव या बाजूचा माल अजून बैलगाडीनंच यायचा. मुंबईतल्या किलिक निक्सन या मॅनेजिंग एजन्सीनं (म्हणजे दुसऱ्या कंपन्या काढून त्यांचा कारभार बघणारी पेढी) १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि पुढच्या काही वर्षात मूर्तिजापूरहून दोन्ही बाजूंना नॅरोगेज टाकली, यवतमाळकडं ११३ किमी, अचलपूरकडं ७६. (वऱ्हाड आणि नाव मध्य प्रांताचं कसं म्हणाल, तर १९०२ ला निजामाकडून कायमच्या पट्ट्यानं घेऊन १९०३ मध्ये कारभारापुरतं मध्य प्रांताला जोडलं होतं.) पुलगाव–आर्वी पण याच कंपनीची.

रूळ अडीच फुटी, मेन लाइन साडेपाच फुटी, म्हणजे मूर्तिजापूरला प्रत्येक रुईची गाठ एका वॅगनमधून काढून दुसरीत चढवायची. हमालांचं पोट त्यावर चालायचं, पण पुढं ट्रक आले आणि जिनिंगच्या दारातून गाठ थेट गिरणीत जायला लागली तेव्हा हाच खांदेपालट नडला. माल गेला आणि उरले फक्त पॅसेंजर, तेही सगळ्यात स्वस्त तिकिटाचे.

आता मालकी. व्यवस्था अशी होती की रूळ कंपनीचे, पण गाडी चालवायची जीआयपीनं (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, मेन लाइनवाली) आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा कंपनीला द्यायचा. जीआयपी १९२५ ला सरकारी झाली, १९५१ ला मध्य रेल्वे झाली, करार तसाच पुढं सरकत राहिला. मेन लाइनला माल आणून देणाऱ्या या छोट्या फीडर कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करायचं राहून गेलं. पण कंपनी मुंबईत नोंदलेली, आणि किलिक निक्सनच स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्या हातात गेली. तेव्हा लंडनला कोणी साहेब आपल्या पैशावर चहा पीत बसलेला नाहीये. कंपनीच्या त्या वाट्याला पेपरवाले रॉयल्टी म्हणतात म्हणून ती खंडणी वाटते.

यवतमाळ_डेली_अपडाऊन
@अडीच_फुटी बाकी सगळं बरोबर, पण ट्रकमुळं बंद पडली असं वाटेल वाचणाऱ्याला, मुख्य कारण तुम्ही सांगितलंत आणि तसंच पुढं निघून गेलात. रूळ कंपनीचे ना? मग रेल्वे म्हणणार दुसऱ्याच्या मालमत्तेवर आम्ही का खर्च करू, आणि कंपनी म्हणणार की या उत्पन्नातून रूळ बदलणं शक्यच नाही. भाड्याच्या घराचं छत गळतं तेव्हा मालक आणि भाडेकरू जे करतात तेच इथं पन्नास वर्षं चाललं. स्लीपर सडले, पूल जुने, मग वेगमर्यादा लागली, वेग कमी म्हणून लोक कमी, लोक कमी म्हणून खर्च नाही. एसटीनं मूर्तिजापूर अडीच-तीन तास, शकुंतलेला सहा-सात, मग नोकरीवाला माणूस कशाला बसेल? शेवटी सुरक्षेचं कारण देऊन आधी यवतमाळ बाजू बंद केली, मग अचलपूर. घोषणा विचाराल तर २०१६ ला ब्रॉडगेजसाठी दीड हजार कोटी पेपरात वाचलेले, आमच्या दारव्हा मोतीबागला मात्र रुळात बाभळी उगवल्यात.

यवतमाळला रेल्वे येतेय ती वेगळी, वर्धा–यवतमाळ–नांदेड. तिचा वर्धा–कळंब तुकडा २०२४ ला सुरू झाला. तिचा कारंजा-मूर्तिजापूरला काही उपयोग नाही.

अडीच_फुटी
मान्य, तो मुद्दा वर यायला हवा होता. वाफेच्या इंजिनाचंही राहिलं. झेडडी वर्गातलं, १९२१ ला मँचेस्टरला बनलेलं, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं, नंतर डिझेल. म्हणजे कापूस ज्या गावाला जायचा त्याच गावातून इंजिन आलं होतं.

आणि कारंजेकर, तिकिटावर सेंट्रल रेल्वे आहे म्हणजे १९५१ नंतरचं, तिसरा वर्ग आहे म्हणजे १९७४ च्या आधीचं, कारण त्या साली तिसरा वर्ग बंद केला. पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारीख शाईची नसते, मशीननं दाबून उमटवलेली असते, टॉर्च आडवा धरून बघा.

दर्यापूरचा_भौ
कारंज्याचं मूर्तिजापूरहून म्हंजे गुरुमंदिराचे भक्तही आसतीन. नरसिंह सरस्वतीच्या जन्मस्थानाले याचे ना लोक दुरून, मेन लाइनवर उतरून शकुंतला धरे.

कारंजेकर_सध्या_पुण्यात
टॉर्चनं जमलं!! दिवस पुसलाय पण ६२ स्पष्ट दिसतंय. भक्त नाही भौ, आजीचं माहेर मूर्तिजापूर, म्हणजे ही माहेराहून परत येतानाची तिकिटं. गाडीतून उतरल्यावर ती गेटवर द्यावी लागायची ना, हिनं दिलीच नाहीत वाटतं. एक फुल आहे आणि एक हाफ. बाबांचा जन्म ६५ चा, तेव्हा हाफ तिकीट मोठ्या आत्याचं असणार, आता तिलाच फोन लावतो.