नाताळातले बिन, बंद दुकानं आणि मार्गशीर्षाचं निर्माल्य

प्रेषक: सचिव, मराठी मंडळ, मिल्टन कीन्स (इंग्लंड)
सोमवार, १५ डिसेंबर २०२५
विषय: नाताळच्या आठवड्यात काय चालू, काय बंद

नमस्कार मंडळी,

दर वर्षी हा मेल मी २३ तारखेला लिहितो आणि दर वर्षी २३ला निम्मं मंडळ मुंबईच्या विमानात असतं. म्हणून या खेपेला आठवडाभर आधी.

यंदा नाताळ गुरुवारी, बॉक्सिंग डे (दुसऱ्या दिवशीची सुट्टी) शुक्रवारी आणि १ जानेवारी पुन्हा गुरुवारीच. ज्यांचा बिनचा (कचरापेटी बाहेर ठेवायचा) वार गुरुवार-शुक्रवार आहे त्यांनी जास्त लक्ष द्या. एक वार सरकला की मागचेही सरकतात. नेमक्या तारखा मी देणार नाही. गेल्या वर्षी दिल्या होत्या. माझ्या रस्त्याचा स्क्रीनशॉट लिस्टवर टाकला, तो पाहून वेस्टक्रॉफ्टपासून ब्रॉटनपर्यंत सगळ्यांनी बिन बाहेर काढले आणि तीन दिवस ते फुटपाथवर ताटकळत उभे होते. त्यावर आलेले मेल मी जपून ठेवले आहेत. कौन्सिलच्या साइटवर आपापला पोस्टकोड टाका, जे दिसेल ते फ्रिजवर लावा.

लायब्ररी, कौन्सिलचं ऑफिस, रजिस्ट्रार (जन्म-मृत्यू नोंदणी), डॉक्टर हे सगळं २५, २६ आणि १ला बंद. मधल्या सोम-मंगळ-बुधवारी वेळा कमी असू शकतात, विचारूनच निघा.

संक्रांत बुधवारी १४ला आहे, पण हळदीकुंकू शनिवारी १७ जानेवारीला. हॉलच्या चाव्या देणाऱ्या बाई १९ डिसेंबरनंतर थेट ५ जानेवारीला भेटतील. ज्यांना काही ठरवायचं आहे त्यांनी या आठवड्यात ठरवा. ४ जानेवारीच्या रात्री मला फोन करू नका.

आपला,
सचिव

---

प्रेषक: शेनलीची वहिनी
मंगळवार, १६ डिसेंबर
विषय: उत्तर: नाताळच्या आठवड्यात काय चालू, काय बंद

भावजी, तुमच्या यादीत माझा प्रश्न नाही म्हणून विचारते. परवा १८ला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. उद्यापन आहे, सात-आठ जणी येतील. आतापर्यंतच्या तिन्ही गुरुवारांची फुलं, हार, कलशातली आंब्याची पानं (वेंब्लीहून आणलेली, सोन्याच्या भावाने) असं सगळं गॅरेजमध्ये एका खोक्यात ठेवलंय. आईकडे असताना विहिरीवरच्या तुळशीपाशी टाकायचो. इथली तुळस डिसेंबरात खिडकीत बसून स्वतःच जीव धरून आहे, तिच्या कुंडीत किती घालणार?

ह्यांचं म्हणणं, सरळ कॅनॉलमध्ये सोड. मला ते पटत नाही, पण देवाची फुलं बिनमध्ये टाकायलाही हात धजत नाही.

---

प्रेषक: फिशरमीडचे काका
मंगळवार, १६ डिसेंबर
विषय: उत्तर: उत्तर: निर्माल्य

वहिनी,

कॅनॉलमध्ये मुळीच नको. ग्रँड युनियन कॅनॉलचं पाणी वाहतं नाही, उभं असतं. तुमचा हार आठवड्यानंतर तिथेच भेटेल, बदकासकट. शिवाय कचरा टाकला म्हणून दंड होऊ शकतो तो वेगळाच. तिथे 'हे निर्माल्य आहे' सांगून काही उपयोग नाही.

आता बिनबद्दल. सप्टेंबर २०२३मध्ये आपल्याकडच्या पिशव्या गेल्या आणि दारी चार-चार बिन झाले, तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली होती. दाराशी चार चौकीदार उभे केल्यासारखे दिसतात असं म्हणालो होतो. मत बदललंय. हिरव्या बिनमध्ये अन्न आणि बागेतला पालापाचोळा एकत्र जातो, त्याचं खत होतं आणि ते मातीत जातं. फुलांनी शेवटी मातीतच जायचं असतं ना? माझी आई कोपरगावला हेच करायची, फक्त तिच्याकडे झाकण नव्हतं.

एकच कष्ट घ्या. हार उसवा. दोरा, जरीची फीत, प्लॅस्टिकचे मोती, गुलाबाला गुंडाळलेला चंदेरी कागद काढून काळ्या झाकणात (उरलेल्या कचऱ्यात) टाका. उदबत्तीचा पुडाही हिरव्यात नको. मी दिवाळीनंतर टीव्हीसमोर बसून एक हार उसवला, पाऊण तास गेला. वेंब्लीचे माळी दोऱ्याला कंजूष नाहीत.

आणि नारळ निर्माल्यात जात नाही हो. नारळाच्या वड्या होतात. पत्ता तुम्हाला माहीत आहे.

जाता जाता बाकीच्यांसाठी: नाताळच्या भेटींचे कागद लाल झाकणात (कागद-पुठ्ठ्याच्या बिनमध्ये) घालण्याआधी मुठीत चुरगळून पाहा. चुरगळलेला राहिला तर कागद. पुन्हा फुलून उठला तर त्यात प्लॅस्टिक आहे, तो काळ्यात. चकचकीवाला कागद विचारूच नका, काळ्यात. टिन्सल (सजावटीच्या चकचकीत झिरमिळ्या) काळ्यात. गाणं म्हणणारी ग्रीटिंग कार्डं आणि दिवे लागणारी खेळणी यांत बॅटरी असते, ती कुठल्याच बिनमध्ये नको. कचऱ्याच्या गाडीत बॅटरी चिरडली की पेट घेते. सुपरमार्केटच्या दाराशी बॅटरीचा डबा असतो त्यात टाका. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, थंड करून बाटलीत भरा आणि टिपवर (कौन्सिलच्या कचरा केंद्रावर) न्या. आपल्याकडे ब्लीक हॉल, न्यू ब्रॅडवेल आणि न्यूपोर्ट पॅग्नेल अशा तीन जागा आहेत. निघण्याआधी वेळ पाहा.

काका

---

प्रेषक: ओल्डब्रुकहून, लिस्टवर नवीन
बुधवार, १७ डिसेंबर
विषय: २५ला हीथ्रोहून कसं यायचं?

सर्वांना नमस्कार. मी सप्टेंबरमध्ये इथे आलो. आई-बाबा पहिल्यांदाच येतायत, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून २५ डिसेंबरचं काढलं, सकाळी सातला हीथ्रो. आज ऑफिसात सहज म्हणालो की पॅडिंग्टन, मग यूस्टन, मग ट्रेनने येऊ, तर सगळे माझ्याकडे बघायलाच लागले. २५ला खरंच एकही ट्रेन नसते? मला वाटलं रविवारचं वेळापत्रक असेल.

बाबांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे. काही कमी पडलं तर इथल्या मेडिकलमध्ये त्यांचं नाशिकचं प्रिस्क्रिप्शन चालेल का?

---

प्रेषक: फिशरमीडचे काका
बुधवार, १७ डिसेंबर
विषय: उत्तर: २५ला हीथ्रोहून कसं यायचं?

अरे बाळा, एकही नाही. ट्रेन नाही, ट्यूब नाही. २६लाही आपल्या लाइनवर विसंबू नकोस. विमानतळाच्या काही कोच असतात, पण थोड्या आणि आधी बुक कराव्या लागतात. टॅक्सीवाला त्या दिवशी जो आकडा सांगेल तो ऐकून बाबांचं बीपी उतरणार नाही.

मी येतो. गाडी सात सीटची आहे. माझी मुलं एडिनबरोला, आणि घरी टर्की बिर्की काही नाही. २५च्या सकाळी एम वन हायवे इतका रिकामा असतो की तासाभरात पोचू. तेवढा एकच दिवस मला इथे गाडी चालवायला आवडते. टर्मिनल कळव.

औषधांचं: भारतातलं प्रिस्क्रिप्शन इथे चालत नाही. पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि वर दोन आठवड्यांच्या जास्त आणायला सांग, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत. अपघात विभागातले उपचार पाहुण्यांनाही फुकट असतात, पण ॲडमिट केलं की बिल सुरू होतं. तेव्हा प्रवासाचा विमा काढलाय ना? नसेल तर आज काढ, उद्या नको.

इथल्या रहिवाशांना: आपल्या नेहमीच्या गोळ्यांची मागणी या आठवड्यातच टाका. मध्येच संपल्या तर १११ला (सरकारी आरोग्यसेवेची हेल्पलाइन) फोन करा किंवा त्यांच्या साइटवर जा. नेहमीच्या औषधाची तातडीची सोय ते करतात आणि कुठलं फार्मसी उघडं आहे तेही सांगतात. नाताळच्या दिवशीही पाळीपाळीने एखादं उघडं असतं.

दूध-ब्रेड २४लाच घेऊन ठेव, दुपारीच, संध्याकाळी मोठी दुकानं लवकर बंद होतात. २५ला २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान उघडायला २००४च्या कायद्याने बंदी आहे. कोपऱ्यावरचं छोटं दुकान चालू असेल तर आपलं नशीब.

---

प्रेषक: लाउटनची ताई
गुरुवार, १८ डिसेंबर
विषय: न आवडणारा पण उपयोगी पडेल असा मेल

मंडळी,

बिन आणि दुधाच्या गप्पांत हे लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. पण आपल्याकडे आता ऐंशीच्या पुढची बरीच माणसं आहेत.

आमचे मामंजी २०२२ला गेले, २३ डिसेंबर, शुक्रवार, दुपारी. त्या वर्षी नाताळ रविवारी आला होता, त्यामुळे मंगळवारीही सुट्टी. शनिवार ते मंगळवार सलग चार दिवस सगळं बंद. बुधवारी २८ला रजिस्ट्रारची वेळ मिळाली. पुढे पुन्हा नवीन वर्ष, पुन्हा सोमवारची सुट्टी. दहनाची वेळ मिळाली ६ जानेवारीला. कुणाची चूक नव्हती, सगळे अदबीने बोलत होते. पण तेरावा ४ला येत होता आणि मामंजी अजून फ्युनरलवाल्यांकडेच (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांकडे) होते. साताऱ्याचे गुरुजी फोनवर म्हणाले, क्रिया दहनापासून धरा. सासूबाईंनी मान हलवली, पण ४ला त्या जेवल्या नाहीत.

मामंजी गेले त्या दिवसापासून सासूबाईंनी दक्षिणेकडे वात करून दिवा लावला होता, विझू द्यायचा नाही म्हणून रात्री उठून बघायच्या. २५च्या दुपारी घरातलं तेल संपलं. मी गाडी घेऊन सगळं गाव हिंडले, एक दुकान उघडं नाही. शेजारच्या इंग्रज आजींना मी नुसतं विचारलं की जवळ काही उघडं असेल का, तर त्या आत गेल्या आणि ऑलिव्ह ऑइलची अर्धी बाटली घेऊन आल्या. नाताळच्या जेवणातली कागदी टोपी डोक्यावर तशीच होती. कशासाठी हवंय हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही तेव्हा सांगता आलं नाही. पुढचे दोन दिवस दिव्याला वेगळाच वास होता.

आता कामाचं.

फ्युनरलवाल्यांचा फोन चोवीस तास, नाताळलाही उचलला जातो. पहिला फोन त्यांना केला तरी पुढची दिशा ते सांगतात. घरी, अपेक्षित मृत्यू असेल आणि दवाखाना बंद असेल, तर १११. अचानक असेल तर ९९९ (तातडीची मदत).

९ सप्टेंबर २०२४पासून पद्धत बदलली आहे. डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र आधी मेडिकल एक्झामिनर (दुसरा, स्वतंत्र डॉक्टर) तपासतो, मगच ते रजिस्ट्रारकडे जातं, आणि नोंदणीचे पाच दिवस तिथून मोजले जातात. म्हणून हॉस्पिटलमध्येच विचारा की कागद एक्झामिनरकडे गेला का. आपण घरी फोनची वाट बघत बसतो आणि कागद कुणाच्या तरी टेबलावर असतो.

धर्माच्या कारणाने दहन लवकर हवं आहे हे पहिल्याच फोनमध्ये सांगा. आम्ही संकोचाने सांगितलंच नाही. 'कुठलीही वेळ चालेल, सकाळी नऊचीसुद्धा, आणि शेजारच्या गावातलं क्रिमेटोरियमही चालेल' असं म्हणा. आम्ही शनिवारी दुपारची वेळ मागत राहिलो, पाहुण्यांना सोयीची म्हणून. त्यात दिवस गेले.

उत्तर द्यायची गरज नाही. जपून ठेवा.

---

प्रेषक: सचिव
गुरुवार, १८ डिसेंबर
विषय: उत्तर: न आवडणारा पण उपयोगी पडेल असा मेल

ताई, ठेवला.

मी २४ ते २ इथेच आहे. कुणाला रात्री-अपरात्री रजिस्ट्रारचा फॉर्म वाचायला, हॉस्पिटलमध्ये इंग्रजी बोलायला, किंवा नुसतं कुणीतरी सोबत हवं असेल तर फोन करा. हॉलच्या चाव्यांबद्दल जे लिहिलं ते या फोनना लागू नाही.

जे एकटे आहेत त्यांनी २५ला दुपारी आमच्याकडे या. मसालेभात आणि मठ्ठा. बस नसतात, तेव्हा कुणाला आणायचं ते आधी कळवा, गाड्या वाटून घेऊ.

---

प्रेषक: ओल्डब्रुकहून, लिस्टवर नवीन
शुक्रवार, २६ डिसेंबर
विषय: पोचले

आई-बाबा सुखरूप पोचले. काकांचे आभार कसे मानू कळत नाही. आईने त्यांना चितळ्यांची बाकरवडी दिली ती त्यांनी वाटेत ल्यूटन यायच्या आत संपवली.

एम वनवर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'कर्फ्यू आहे का?' रस्त्यावर माणूस नाही, दुकान नाही, चहाची टपरी नाही. त्यांना वाटलं मी काहीतरी लपवतोय. दुपारी सचिवकाकांकडे बावीस जणांच्या पंगतीत बसल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

एक शंका. बाबांनी सकाळी सहाला उठून चारही बिन बाहेर नेऊन ठेवले. आज आमचा वार नाही. आत आणू की राहू दे?

---

प्रेषक: शेनलीची वहिनी
शनिवार, ३ जानेवारी २०२६
विषय: कुणाचा बिन?

हिरवा बिन रिकामा झाला. हार मी आणि सासूबाईंनी मिळून उसवले. काका, वड्या तयार आहेत, डबा घेऊन या.

दुसरं म्हणजे, लाल झाकणाचा एक बिन आमच्या दारात आला आहे. घराचा नंबर ४२, आमच्या रस्त्यावर ४२ नाहीच. आत एक गाणं म्हणणारं ग्रीटिंग कार्ड आहे आणि ते अजून म्हणतंय.