डबलबारीचं रेकॉर्डिंग ऐकायला दोन-अडीच हजारांतले आयईएम (कानाच्या नळीत घट्ट बसणारे इअरफोन): चू टू, झिरो टू की वॅनर?

आचऱ्याचा रेकॉर्डर

नमस्कार. मी आचऱ्याचा, तालुका मालवण. डबलबारीत, म्हणजे दोन भजन मंडळांच्या सामन्यात, आमच्या मंडळाच्या बाऱ्या मी रेकॉर्ड करतो. छोटा स्टिरिओ रेकॉर्डर स्टँडला लावून पेटीच्या समोर, स्पीकरच्या माऱ्यापासून जरा बाजूला ठेवतो. दुसऱ्या दिवशी बुवा, पखवाजवाला आणि मी बसून ऐकतो. रूपावलीत (बारीतला एक टप्पा) लय कुठे पळाली, गजरात कोरस कुठे सुराखाली आला, बुवांचा शब्द कुठे खाल्ला गेला, हे सगळं त्यात शोधायचं असतं. पुढची बारी तोंडावर असते, त्यामुळे हे ऐकणं आमच्यासाठी तालमीइतकंच महत्त्वाचं आहे.

अडचण कानात घालायच्या वस्तूची आहे. सध्याचे ब्लूटूथ बड्स बेसवर इतके जोर देतात की धुम्यावर (पखवाजाच्या खालच्या सुराच्या बाजूवर) थाप पडली की बुवांचा आवाज तिच्याखाली दबतो. झांज सुरू झाली की नुसतं 'स्स्स' ऐकू येतं. टाळ कुठला आणि झांज कुठली ते वेगळं काढता येत नाही.

बजेट दोन, फार तर अडीच हजार. वायरवालं चालेल. तीन नावांवर येऊन थांबलोय: मूनड्रॉप चू टू, सेव्हन हर्ट्झचा झिरो टू आणि टांगझू वॅनर. ग्राफ (कुठला सूर किती जोरात वाजतो ते दाखवणारे) बघितले तर तिन्ही रेषा बऱ्याचशा एकमेकींना चिकटून जातात. मग ऐकणारे एवढं वेगवेगळं का सांगतात? आमच्याकडे ऐकून बघायची सोय नाही, थेट मागवावंच लागतं. आणि पावसाळ्यात टिकलं पाहिजे.

देवगडचा साउंडवाला

मंडप आणि साउंड हे माझं काम, आणि घरी पेटी वाजवतो. हे तिन्ही माझ्याकडे आहेत आणि दशावतारापासून बारीपर्यंत सगळं त्यांच्यावर ऐकलंय. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ग्राफचं. तीन हजार हर्ट्झच्या आसपास प्रत्येक ग्राफला जो डोंगर दिसतो तो मुद्दाम ठेवलेला असतो. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. एका टोकाला पडदा, दुसरं टोक उघडं. अशी नळी तीन हजारांच्या जवळपास आपोआप घुमते आणि लहानपणापासून आपण सगळे आवाज या घुमाऱ्यासकटच ऐकत आलोय. आयईएम घातला की नळीचं तोंड बंद होतं आणि हा घुमारा हरवतो. तो इअरफोनला स्वतः भरून द्यावा लागतो. कमी भरला तर बुवा घोंगडीआडून गातायत असं वाटतं, जास्त भरला तर आवाज कानात टोचतो.

किती भरायचा याचं एक माप म्हणजे हार्मन टार्गेट. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन कंपनीत श्रोत्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेऊन ते काढलं. इन-इअरसाठीची त्याची २०१९ ची आवृत्ती आज बहुतेक स्वस्त आयईएमच्या ट्यूनिंगला पाया म्हणून वापरतात, म्हणूनच तुमच्या तिन्ही रेषा चिकटलेल्या दिसतात. पण त्या चाचण्यांत वाजवलेलं संगीत पाश्चात्त्य वळणाचं होतं, झांज-पखवाज त्यात नव्हता. आपलं साहित्य त्या मापात कुठे बसतं ते आपल्यालाच तपासावं लागतं.

दुसरं, ग्राफचा आठ हजारांच्या पुढचा भाग सोडून द्या. मोजणीच्या यंत्रात इअरफोन किती आत बसवलाय त्यावर तिथला सुळका सरकतो, आणि तुमच्या कानात तो आणखी वेगळ्या जागी पडतो. झांजेची धार नेमकी याच प्रदेशात असते. लोक वेगवेगळं सांगतात त्याचं मोठं कारण हेच आहे. प्रत्येक जण आपापल्या कानातलं खरंच सांगत असतो.

आता तुमच्या बारीकडे येऊ. बुवा काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) गात असतील तर मध्य षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास, तार षड्ज ४१५. धुम्याला कणीक लावून उतरवल्यावर त्याचा घुमारा याच्या बराच खाली असतो. तुमचे बड्स काय करतात, तर बेस उचलताना तो दोनशे-तीनशेपर्यंत उचलून ठेवतात. मग धुमा आणि बुवांचा खर्ज एकाच जागेत कोंबले जातात. चांगल्या ट्यूनिंगमध्ये बेसची चढण साधारण दोनशेच्या खालीच संपते. धुम्याला वजन येतं आणि गळा मोकळा राहतो.

या कसोटीवर तुमच्यासाठी माझं मत झिरो टू. त्याचा बेस खोल आहे, पण गळ्यावर चढत नाही. थाप पडते, घुमते आणि शब्दाच्या आधी बाजूला होते. पेटीचे सूर स्वच्छ येतात, भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पाच-सहा हजारांत तो संयमी आहे, त्यामुळे गजर द्रुत लयीत गेला आणि झांजा तुटून पडल्या तरी कान मिटावेसे वाटत नाहीत. तासभराची बारी सलग ऐकायची तर हा गुण सगळ्यात मोठा.

चू टू जास्त उजळ आहे. झांजेचा कडक ठोका, टाळाची किणकिण, पखवाजाच्या शाईवरचं बोट, सगळं धारदार दिसतं. ठेका कुठे सरकला हे पकडायला तो झिरो टूपेक्षा तेज आहे. तुमच्या पखवाजवाल्याला एकट्यासाठी घ्यायचा असेल तर मी हाच सांगेन. पण मंडपातल्या कर्ण्यांचा आवाज आधीच किंचाळत असेल तर हा ते किंचाळणं लपवत नाही. अर्ध्या तासाने मला त्याचा शीण येतो.

वॅनर उबदार आहे. गळा पुढे, पेटी गोड, ट्रेबल मऊ. अभंग, गौळण, नाट्यपद निवांत ऐकायला मला तिघांत तोच आवडतो. मात्र धुमा त्यात जरा पसरट होतो, एका थापेची शेपटी दुसरीत मिसळते. चुका शोधायच्या कामाला तो प्रेमळ पडतो.

हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा टिप (इअरफोनच्या तोंडावरची रबरी टोपी) कानात घट्ट बसते. फट राहिली तर सगळ्यात आधी बेस पळतो आणि मग कुठलाही आयईएम पत्र्यासारखा वाजतो. तपासायला ५० हर्ट्झचा सूर लावा आणि कानातला इअरफोन बोटाने हलका दाबा. बेस वाढला तर टिप छोटी आहे, मोठी लावून बघा. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाची लागली तर तशीच लावा, त्यात काही गैर नाही. तुलना करताना आवाजाची पातळीही सारखी करून घ्या. एक डेसिबल मोठा वाजणारासुद्धा कानाला 'चांगला' वाटतो. चू टू थोड्या व्हॉल्यूमला जोरात वाजतो, त्यामुळे शेजारी ठेवून ऐकलं की पहिल्या झटक्यात तोच जिंकतो.

आणि बारीच्या रात्रीच रेकॉर्डिंग ऐकून मत बनवू नका. स्पीकरजवळ तीन-चार तास बसल्यावर कान तात्पुरते बधिर झालेले असतात, वरचे सूर कमी ऐकू येतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी ऐकता हे अगदी योग्य करता.

पावसाळ्याचं. आपल्याकडे इअरफोन मरतो तो दमटपणाने. तोंडाशी जी बारीक जाळी असते तिच्यावर घामाची वाफ धरली की त्या बाजूचा आवाज बसतो. लोकांना वाटतं ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा भाग) गेला. पुष्कळदा तो गेलेला नसतो. टिप काढून जाळी कोरड्या फडक्याने टिपा, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा, बहुतेक वेळा आवाज परत येतो. एरवीही वापर झाला की याच डब्यात ठेवायचा, खिशात किंवा खिडकीत नाही. या बाबतीत चू टू सोयीचा, कारण त्याची कानात जाणारी नळी आट्यांची आहे, फिरवून निघते आणि जादा फिल्टर डब्यात येतात. केबल तिघांचीही सुटी होते. खाऱ्या वाऱ्याने दोन पिनांवर हिरवट थर येतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसत जा.

काळी पाचवाली, रत्नागिरी

मी गाणं शिकवते. साउंडवाले दादांनी फिटबद्दल लिहिलंय ते बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी दुप्पट खरं आहे. माझी कानाची नळी अरुंद आहे. झिरो टूची नळी मला जाड पडते, बरोबर आलेल्या सगळ्यात छोट्या टिपनेही वीस मिनिटांत दुखायला लागतं. चू टू आत सहज जातो. माझ्या दोन शिष्यांचा अनुभव बरोबर उलटा आहे. म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि टिपचं पाकीट फाडण्याआधी अटी वाचा.

माझी परीक्षा तानपुऱ्याची असते. जवारी (तारेचा झंकार) नीट लागलेला तानपुरा घ्या. खर्जाच्या तारेतून वरचे स्वर एकेक करून उमलत जातात, ते सलग ऐकू आले पाहिजेत. मध्येच एखादा स्वर उडी मारून पुढे आला तर त्या ठिकाणी ट्यूनिंगला उंचवटा आहे असं समजावं. थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलच्या महोत्सवात समोर बसून ऐकलेला तानपुरा माझ्या कानात पक्का आहे, त्याच्याशी ताडून बघते. वॅनरमध्ये जवारी जरा झाकली जाते. झिरो टूमध्ये ती सगळ्यात सरळ उमलते, माझा कान दुखत असला तरी हे सांगितलंच पाहिजे.

एक विनंती. तुम्ही मंडळी मोठ्या आवाजाच्या सवयीची आहात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते. मंडपात त्यातला बराच हिस्सा आधीच वापरून झालेला असतो. आयईएम बाहेरचा आवाज अडवतो, म्हणून हळू ऐकूनही सगळं कळतं. तो फायदा घ्या.

वेताळबांबर्डेकर

मी कुडाळ तालुक्यातलो. ग्राफ माका कळणा नाय, पण झांज वाजवतंय. माझा मत वायच वेगळा आसा. थोडे पैशे साठवा आणि ट्रूथइअरचो झिरो रेड घेवा. एका कानात दोन ड्रायव्हर, एक खालच्या आवाजाक, एक वरच्या. माझी झांज आणि बाजूवाल्याची झांज त्येच्यात वेगळी कळतत. डब्यात एक बारको अडॅप्टर येता, तो लावलो की बेस वाढता. पखवाज आयकाचो तर लावचो, बुवा आयकाचो तर काढचो.

देवगडचा साउंडवाला

रेड सुंदर आहे, त्यात वाद नाही. तो अडॅप्टर १० ओहमचा आहे. रेडमध्ये दोन ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हर (दोघांत सूर वाटून देणारं सर्किट) असल्यामुळे त्याचा विरोध सगळ्या सुरांना सारखा नाही, म्हणून मध्ये १० ओहम आले की बेसचा तोल वर जातो. एका ड्रायव्हरच्या साध्या आयईएमला तोच अडॅप्टर लावला तर बहुतेक वेळा फक्त व्हॉल्यूम कमी होईल, त्यासाठी वेगळा विकत घेऊ नका.

पण किंमत दुपटीच्या वर जाते. मंडळाच्या कामाला मी त्याऐवजी दोन झिरो टू घेईन. एक तुमच्याकडे, एक बुवांकडे. दोघांनी एकच गोष्ट ऐकली तर 'माझ्याकडे असं नाही वाजत' हा वाद मिटतो. ताईंसारखा कान कोणाचा असेल तर त्याला चू टू द्या आणि फोनवरच्या एखाद्या इक्वलायझर ॲपमध्ये (सुरांच्या पट्ट्या वर-खाली करणारं) पाच-सहा हजारांच्या जागी दोन-तीन डेसिबल उतरवा. बराच शीण कमी होतो.

आचऱ्याचा रेकॉर्डर

दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. बुवांना वाचून दाखवलं, दोन झिरो टूवर एकमत झालं. पखवाजवाला चू टूसाठी हटून बसलाय, तो त्याचा तो घेईल.

अजून दोन गोष्टी. बुवांच्या फोनला गोल जॅक नाही, फक्त टाइप-सी. कुठलाही कन्व्हर्टर चालतो का? आणि रेकॉर्डिंग चालू असताना रेकॉर्डरच्या जॅकला हेच लावून ऐकलं तर लेव्हल कानाने ठरवता येईल का?

देवगडचा साउंडवाला

कन्व्हर्टर डॅकवाला (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप असलेला) पाहिजे. नुसत्या तारेचे स्वस्त कन्व्हर्टर बऱ्याच फोनवर मुकेच राहतात. ॲपलचा छोटा टाइप-सी अडॅप्टर आवाजाला स्वच्छ आहे, पण अँड्रॉइडवर त्याची पातळी खूप कमी निघते आणि झिरो टूला चू टूपेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे बुवांना तो पुरणार नाही. दुसरा कुठलाही साधा डॅकवाला घ्या.

लेव्हल कानाने ठरवू नका. मंडपात एवढा आवाज असतो की तो हाडांतून आणि टिपच्या कडेने आत येतोच, रेकॉर्डरमधलं किती आणि बाहेरचं किती ते कळत नाही. आयईएम लावा तो खरखर, वाऱ्याचा फडफडाट, सैल वायर हे पकडायला. लेव्हलसाठी मीटर बघा. दोन्ही मंडळांचा गजर सुरू असताना टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं लावून ठेवा आणि ऑटो लेव्हल बंद करा. ती चालू राहिली तर प्रत्येक थापेला बुवांचा आवाज खाली ओढला जातो, आणि मग कुठलाही इअरफोन तो वर आणू शकत नाही. मला तर वाटतं तुमच्या बड्सबद्दलच्या तक्रारीतला थोडा भाग याचाच असेल. पुढच्या बारीला आधी ते बटण बघा.